फौजदारी केसचं रेकॉर्ड ‘मिळून येत नाही’ म्हणतात तेव्हा काय तपासायचं

वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्याकडे हे काम सारखं येतं. कुणाला जुन्या केसचा निकाल हवा असतो, कुणाला चार्जशीटची नक्कल, कुणाला आपल्यावर काही बाकी नाही असं दाखवणारा कागद. माणूस बदलतो, तालुका बदलतो, पण गाडी अडते ती ठरलेल्या जागीच. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांना धरून लिहिलं आहे.

लक्षणं

- ई-कोर्ट्सच्या साइटवर (न्यायालयांची केस शोधण्याची सरकारी साइट) नाव टाकलं की ‘रेकॉर्ड नॉट फाउंड’.
- नक्कल विभागात सांगतात, ‘केस नंबर आणा, मग बघू.’ पोलीस ठाण्यात गेलं की, ‘ते कोर्टात विचारा.’
- कोर्ट म्हणतं रेकॉर्ड रूमला पाठवलं, रेकॉर्ड रूम म्हणते आमच्याकडे आलंच नाही.
- निर्दोष सुटून वर्षं झाली, तरी चारित्र्य पडताळणीत ‘गुन्हा न्यायप्रविष्ट’ असा शेरा.
- चोरीला गेलेल्या गाडीचा विमा अडला आहे, कंपनी कोर्टाचा कागद मागते, आणि केस नंबर म्हणून काही अस्तित्वातच नाही.

यांतली बहुतेक प्रकरणं रेकॉर्ड हरवल्याची नसतात. तक्रार पोलीस ठाण्यापासून निघते आणि कुठल्यातरी टप्प्यावर थांबते. कागद त्या टप्प्याच्या कार्यालयात असतो आणि आपण पुढच्याच कुठल्यातरी कार्यालयात विचारत बसतो. म्हणून आधी प्रकरण कुठे थांबलं ते ओळखायचं, अर्ज नंतर. खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो.

१. घरातले कागद काढा आणि हातातला नंबर कसला आहे ते बघा

याला एक पैसा लागत नाही आणि निम्मा घोळ इथेच सुटतो. लोक ‘माझा केस नंबर’ म्हणून जो आकडा सांगतात तो पुष्कळदा पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर असतो, म्हणजे गु.र.नं. किंवा सी.आर. नंबर. कोर्टाच्या रजिस्टरात त्या नंबरने काही शोधता येत नाही. कोर्टाचा नंबर चार्जशीट दाखल झाल्यावर पडतो आणि त्याच्या आधी केसचा प्रकार लिहिलेला असतो: आर.सी.सी. (नियमित फौजदारी केस), एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी केस), सेशन्स केस, स्पेशल केस, किरकोळ अर्ज. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत नंबर आणि वर्षाच्या मध्ये पी.डब्ल्यू., एस.एस. अशी अक्षरं असतात. ती टाकायची राहिली तर वेगळीच केस हाती येते.

सगळ्यात कामाचा नंबर सीएनआर, म्हणजे ई-कोर्ट्सच्या प्रणालीत प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक क्रमांकाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. तो असेल तर पुढचं अर्धं वाचायची गरज नाही.

कुठे बघायचं? जुनं समन्स, जामिनाचा हुकूम, जामीनदाराने दिलेल्या बंधपत्राची झेरॉक्स, दंडाची पावती, मुद्देमाल परत मिळाल्याचा आदेश. जामीनदार म्हणून उभ्या राहिलेल्या काकांकडे किंवा शेजाऱ्यांकडेही विचारा. स्वतः आरोपीने टाकून दिलेले कागद जामीनदाराने जपून ठेवलेले असतात, कारण सातबारा त्याचा अडकलेला असतो. त्या वेळच्या वकिलांच्या डायरीत तारखा आणि नंबर असतात. वकील हयात नसले तरी त्यांच्या ऑफिसात कुणीतरी बसत असतं.

२. प्रकरण कोर्टात गेलं होतं का?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला प्रकार एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्हा. शिवीगाळ, किरकोळ मारहाण, धमकी. ठाण्यात नोंद झाली, हातात पावतीसारखा कागद मिळाला, ‘केस केली’ अशी गावभर चर्चा झाली. पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना अशा गुन्ह्याचा तपास करता येत नाही, आणि तो आदेश कुणी मागितलाच नसेल तर प्रकरण ठाण्याच्या रजिस्टरातच संपलं. कोर्टात शोधून काही मिळणार नाही. नोंदीची प्रत पोलीस ठाण्यातच मागायची.

दुसरा चॅप्टर केस. सणाच्या, निवडणुकीच्या तोंडावर किंवा भावकीच्या भांडणात शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेतात, ती कारवाई. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७ आणि ११०, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९. ‘मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं’ असं लोक सांगतात ते खरंच असतं, पण तो कार्यकारी दंडाधिकारी. ग्रामीण भागात तहसील कार्यालय, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात सहायक पोलीस आयुक्तांचं कार्यालय. ही फाइल न्यायालयात कधीच आलेली नसते. ई-कोर्ट्सवर ती दिसत नाही म्हणून नव्याण्णव टक्के लोक साइटलाच नावं ठेवतात.

तिसरा प्रकार समरीचा. गुन्हा नोंदला, तपास झाला, पण चार्जशीट न पाठवता पोलिसांनी अंतिम अहवाल पाठवला. आपल्याकडे त्याचे तीन वर्ग आहेत. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी, खोडसाळपणे दिलेली. ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. गाडीचोरीच्या विम्यासाठी कंपनी जो कागद मागते तो म्हणजे ‘अ’ समरी आणि ती मंजूर केल्याचा दंडाधिकाऱ्यांचा आदेश. इथे आर.सी.सी. नंबर नसतोच. तेव्हा आधी पोलीस ठाण्यात गु.र.नं. सांगून समरी कुठल्या तारखेला, कुठल्या जावक क्रमांकाने, कोणत्या कोर्टात पाठवली ते विचारून घ्या. मग त्या कोर्टात समरीचं रजिस्टर बघायला सांगा. अहवाल मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलेलं आहे. त्यामुळे तुम्ही फिर्यादी असाल तर अशी नोटीस घरी येऊन गेली असेल. तिच्यावर कोर्टाचं नाव आणि तारीख मिळते.

एफआयआरचीच प्रत हवी असेल तर राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध एफआयआर तारीख आणि ठाण्यानुसार शोधता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर ही सोय सगळीकडे झाली, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळून. चार्जशीट मात्र कुठल्याही साइटवर टाकत नाहीत. तशी मागणी २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तेव्हा ‘चार्जशीट ऑनलाइन काढून देतो’ म्हणणाऱ्या सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊ नका.

३. ई-कोर्ट्सवर पुन्हा शोधा, पण नीट

‘मी बघितलं, काही नाही’ असं सांगणाऱ्या पक्षकारासमोर मी पुन्हा शोधायला बसतो आणि बऱ्याचदा केस निघते. चुका त्याच त्या असतात.

वर्ष. साइटला गुन्ह्याचं वर्ष नको असतं, कोर्टात केस नोंदल्याचं वर्ष हवं असतं. डिसेंबरातल्या भांडणाची चार्जशीट पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी जाऊ शकते. एकेक वर्ष पुढे सरकत बघा.

कोर्ट. आरोपी राहतो तिथलं नव्हे, गुन्हा ज्या ठाण्याच्या हद्दीत घडला तिथलं.

नाव. सरकारी केसमध्ये एका बाजूला महाराष्ट्र शासन असतं, ते शोधण्यात अर्थ नाही. यादीत पहिल्या आरोपीचं नाव येतं आणि बाकीचे ‘व इतर’ मध्ये जातात, म्हणून तुम्ही आरोपी नंबर चार असाल तर एक नंबरचं नाव टाका. स्पेलिंग टंकलेखकाच्या मर्जीवर असतं. वाघमारे डब्ल्यूने की व्हीने, ज्ञानेश्वर ‘डीएन’ने की ‘जी’ने, शेखमध्ये ए आहे की ई, आडनाव आधी की नंतर. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची किंवा नावाची सुरुवातीची तीन-चार अक्षरं टाकून यादी चाळणं बरं.

स्थिती. प्रलंबित आणि निकाली असे दोन पर्याय असतात. संपलेली केस प्रलंबितमध्ये शोधत बसू नका, ‘दोन्ही’ निवडा.

गु.र.नं. हातात असेल तर एफआयआर नंबरने शोधायची वेगळी सोय आहे, ती नावापेक्षा भरवशाची. फक्त ठाणं तेव्हाचं निवडा. मोठ्या ठाण्याची हद्द तोडून नवीन ठाणी झाली आहेत. आज तुमची वस्ती नव्या ठाण्यात असली तरी तेव्हाचा गुन्हा जुन्या ठाण्याच्या नावावरच असणार. झीरो नंबरने (हद्द नसलेल्या ठाण्यात) नोंदून दुसरीकडे वर्ग झालेल्या गुन्ह्याला तिथे नवा नंबर पडतो, तोच लागतो. कायद्याच्या नावाने शोधत असाल तर १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा भारतीय दंड संहितेखालीच सापडेल.

केस सापडली की ‘निकाली’ एवढ्यावर थांबू नका, निकालाचा प्रकार वाचा. ‘सत्र न्यायालयाकडे वर्ग’ असं लिहिलं असेल तर केस संपलेली नाही, नंबर बदलून वर गेली आहे. आणि ‘गुन्हा कबूल’ असेल तर जरा बसून विचार करा. जुगार, दारू, सार्वजनिक ठिकाणी गोंधळ अशा लहान केसमध्ये लोक दंड भरून मोकळे होतात आणि पुढे नोकरीच्या अर्जात ‘शिक्षा झालेली नाही’ असं लिहितात. कबुली देऊन भरलेला दंड ही दोषसिद्धीच असते. माहिती लपवली म्हणून नोकरीवर गदा येते ती मूळ गुन्ह्यापेक्षा जड पडते.

साइटवर काहीच न मिळणं म्हणजे केस नव्हती असंही नाही. न्यायालयांचं संगणकीकरण टप्प्याटप्प्याने झालं, त्याच्या आधी निकाली निघालेल्या पुष्कळ केस फक्त कागदी रजिस्टरात आहेत. लैंगिक गुन्ह्यांत आणि बालकांच्या केसमध्ये नावं झाकलेली असतात. बाल न्याय मंडळाचं रेकॉर्ड तर गोपनीयच, ते बाहेरच्याला मिळणार नाही आणि मिळूही नये.

४. केस जागची हलली आहे का?

रेकॉर्ड रूम आणि कोर्ट एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा कारण सहसा यांपैकी एक असतं.

खुनासारख्या गंभीर गुन्ह्याची चार्जशीट आधी तालुक्याला आर.सी.सी. म्हणून दाखल होते, मग सत्र न्यायालयात जाऊन सेशन्स केस होते. जुन्या नंबराने तालुक्याला विचाराल तर तिथे फक्त ‘वर्ग’ एवढी नोंद.

अपील झालं असेल तर मूळ रेकॉर्ड वरच्या कोर्टाने मागवून घेतलेलं असू शकतं. कारकून त्याला ‘आर अँड पी (रेकॉर्ड अँड प्रोसिडिंग्ज, म्हणजे मूळ फाइल) वर गेलंय’ म्हणतात. मग अपील कुठे ते बघा. सत्र न्यायालयात की उच्च न्यायालयात, आणि उच्च न्यायालयात तर मुंबई, नागपूर की छत्रपती संभाजीनगर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे. तिथल्या लोकांनी केस मुंबईच्या यादीत दिसत नाही म्हणून घाबरू नये. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला असेल तर तुमच्या कामाचा कागद तो आदेश आहे. खालच्या कोर्टाच्या निकालामागे धावू नका.

जिल्हा नवा झाला असेल तर जुनं रेकॉर्ड मूळ जिल्ह्यात राहिलेलं असू शकतं. पालघरवाल्यांनी २०१४ च्या आधीच्या केससाठी ठाणे जिल्ह्यात विचारावं. तसंच हिंगोली परभणीत, वाशीम अकोल्यात, नंदुरबार धुळ्यात, गोंदिया भंडाऱ्यात. तालुक्याला नवीन कोर्ट सुरू झालं तेव्हा कुठल्या केस वर्ग झाल्या, याचीही यादी जुन्या कोर्टात असते.

५. नक्कल अर्ज

आता पैसे लागतात, पण थोडेच. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, पानांप्रमाणे नकलेची फी, घाई असेल तर तातडीच्या नकलेचे जादा. दर बदलत असतात, ते नक्कल विभागाबाहेर लावलेल्या फलकावर बघा. त्यापलीकडे व्हरांड्यात कुणी ‘फाइल वर काढायचे’ मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.

अर्जात पक्षकारांची नावं, केसचा प्रकार, नंबर, वर्ष, कोर्ट, निकालाची तारीख आणि पोलीस ठाणं-गु.र.नं. एवढं सगळं लिहा. निकालाची तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण निकाली फाइल कधी रेकॉर्ड रूमला गेली हे त्या तारखेवरून शोधलं जातं. ‘संपूर्ण केसची नक्कल’ असं मोघम लिहू नका. पानं वाढतात, फी वाढते, अर्ज मागे पडतो. नोकरीसाठी निकालपत्र पुरतं. अपघाताच्या भरपाईसाठी फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि चार्जशीट. केसमध्ये कोणत्या तारखेला काय झालं ते हवं असेल तर रोजनामा. निशाणी क्रमांक (कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर) माहीत असेल तर तोही लिहा. साइटवरून छापलेला निकाल वाचायला ठीक, पण कचेरीत शिक्क्याची प्रमाणित नक्कलच चालते.

आरोपीने हे लक्षात ठेवावं: चार्जशीट आणि सोबतचे जबाब त्याला खटल्यात फुकट मिळायलाच हवेत, आणि कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची एक प्रतही फुकट. केसशी संबंध नसलेल्या माणसाला मात्र नुसत्या अर्जावर मिळत नाही. कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. घरमालक, सोयरिक बघणारे, प्रतिस्पर्धी उमेदवार यांचे अर्ज इथे अडतात ते बरोबरच आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा सल्ला हमखास मिळतो. न्यायालयीन फाइलमधले कागद न्यायालयाच्या नियमाप्रमाणे नक्कल अर्ज करूनच घ्यायचे, माहिती अधिकारातून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला स्पष्ट केलं आहे. त्या अर्जाने महिना जाईल आणि उत्तर ‘नक्कल अर्ज करा’ असं येईल.

नक्कल हातात आली की तिच्यावरच्या तारखा बघा: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवायला लागलेला काळ वगळतात, त्याचा आधार या तारखा.

६. पोलिसांच्या संगणकावरचा शेरा

निर्दोष सुटूनही ‘न्यायप्रविष्ट’ दिसतं कारण निकालाची नोंद ठाण्याच्या प्रणालीत कुणी चढवलेली नसते. निकालपत्राची प्रमाणित नक्कल जोडून ठाणे अंमलदाराकडे लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घेतलेली दुसरी प्रत जवळ ठेवा, आणि ठाण्याच्या कोर्ट पैरवीच्या अंमलदाराला भेटा. हे काम त्याच्याच टेबलावर होतं. केस खरोखरच प्रलंबित असेल आणि पासपोर्ट अडला असेल तर हा उपाय नाही. तिथे परदेशी जाण्यासाठी त्याच कोर्टाची परवानगी मागावी लागते. परदेशात असलेल्यांनी इथल्या नातेवाइकाला पाठवण्याआधी त्याच्या नावाने मुखत्यारपत्र सही करून पाठवावं, नाहीतर त्याला परकाच समजतात.

इथे थांबा आणि वकील गाठा

शोधताना स्वतःच्याच केसपुढे ‘अजामीनपात्र वॉरंट’ किंवा आरोपी फरार म्हणून केस सुप्त यादीत टाकल्याचं दिसलं, तर पुढची कुठलीही चौकशी स्वतः करू नका. पोलीस ठाण्यात तर मुळीच जाऊ नका. वकिलासोबत कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा असतो. चौकशीला गेलेला माणूस संध्याकाळी कोठडीत, हे मी पाहिलेलं आहे.

शिक्षा झाली असेल आणि अपील करायचं असेल तर नकलेची वाट बघत घरी बसू नका. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ६० दिवस.

रेकॉर्ड खरोखर गहाळ किंवा वाळवीने खाल्लेलं निघालं, तर तसं लेखी मागा. तोंडी ‘मिळून येत नाही’ला काही किंमत नाही. त्या लेखी शेऱ्यावरून न्यायाधीशांकडे रेकॉर्ड पुन्हा उभं करण्याचा अर्ज करता येतो. त्यात पोलिसांच्या, सरकारी वकिलांच्या आणि पक्षकारांच्या प्रती गोळा करतात. हे कारकुनाचं काम नाही, माझंही नाही. जुन्या केसचे किरकोळ कागद मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट केलेले असू शकतात. तसं असेल तर नष्ट केल्याची नोंद आणि मूळ रजिस्टरातल्या ओळीची नक्कल, एवढ्यावरच भागवावं लागतं.

सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाची केस तुमच्या नावावर दिसत असेल, किंवा निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांची माहिती भरायची असेल, तरी स्वतःच्या अंदाजाने लिहू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि तालुक्याला विधी सेवा समिती. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. जाताना पहिल्या तपासणीत जमवलेले कागद आणि नंबर एका पानावर उतरवून न्या.